गिटची कॉन्फिग एक सांगते आणि कमांड दुसरंच करते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिट म्हणजे फाइलींत वेळोवेळी झालेले बदल नोंदवून ठेवणारं साधन, आणि कॉन्फिग म्हणजे त्याच्या सेटिंग. हे पान बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात गिट वापरणाऱ्यांसाठी आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच खात्यावर बसणारे विद्यार्थी, उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणारे आणि पुण्याच्या कंपनीचं काम गावातून करणारे असे सगळेच यात आले. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करा. डॅश, टिंब, बरोबरचं चिन्ह आणि मोकळी जागा जिथे दाखवली आहे तिथेच ठेवा.

कॉन्फिगमध्ये एक लिहिलंय आणि कमांडला दुसरं दिलं, तर गिट कुणाचं ऐकतं?

बहुतेक वेळा कमांडचं. पण मध्ये किती पायऱ्या आहेत हे माहीत नसेल, तर उरलेल्या वेळी डोकं धरून बसावं लागतं.

गिट सेटिंगच्या फाइली ठरलेल्या क्रमाने वाचतं. आधी सिस्टिमची फाइल: लिनक्सवर `/ईटीसी/गिटकॉन्फिग`, विंडोजवर गिट जिथे इन्स्टॉल केलंय त्या फोल्डरमधल्या `ईटीसी`मध्ये. मग तुमच्या खात्याची ग्लोबल फाइल, `~/.गिटकॉन्फिग`. मग त्या रेपोची (एका प्रोजेक्टच्या फाइली आणि त्यांचा इतिहास) लोकल फाइल, `.गिट/कॉन्फिग`. रेपोत `एक्स्टेन्शन्स.वर्कट्रीकॉन्फिग` चालू असेल तर त्यानंतर वर्कट्रीची (त्याच रेपोची वेगळ्या फोल्डरमध्ये उघडलेली प्रत) फाइल. सगळ्यात शेवटी कमांडसोबत `-सी` लावून दिलेली सेटिंग. एकच की (सेटिंगचं नाव) दोन ठिकाणी सापडली तर शेवटी वाचलेली किंमत टिकते, म्हणून लोकल ग्लोबलवर मात करतं.

ही सगळी वाचणी झाल्यावर कमांडचे स्वतःचे ऑप्शन लागू होतात, उदाहरणार्थ `--नो-रिबेस` किंवा `--एफएफ-ओन्ली`. त्यातही एकमेकांविरुद्ध दोन दिले तर सहसा उजवीकडचा, म्हणजे नंतर लिहिलेला चालतो.

याला अपवाद आहेत. काही एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (टर्मिनलमध्ये किंवा सिस्टिममध्ये ठेवलेल्या किमती) कॉन्फिगपेक्षा वरचढ असतात, `.गिटअॅट्रिब्यूट्स`चा (कोणत्या फाइलला कोणता नियम ते सांगणारी रेपोतली फाइल) अंमल वेगळाच असतो, काही सेटिंग एकमेकांवर मात न करता साठत जातात, आणि काही सेटिंग रेपोतून आल्या तर गिट मुद्दाम त्यांच्याकडे दुर्लक्ष करतं. लोक अडकतात ते या चार जागी, म्हणून खालचे बरेचसे प्रश्न त्यांच्याबद्दलच आहेत.

`-सी` लावून सेटिंग दिली म्हणजे ऑप्शन दिल्यासारखंच ना?

तसं नाही, आणि निम्मा घोळ इथूनच सुरू होतो. `-सी` ही त्या एका कमांडपुरती कॉन्फिगची सगळ्यात वरची पायरी आहे. ती फक्त *त्याच नावाच्या* कीवर मात करते. ऑप्शन मात्र त्या कामाबद्दलचा निर्णयच बदलतो.

उदाहरण घ्या. पुल म्हणजे रिमोटवरचे (दुसरीकडे ठेवलेल्या रेपोतले) बदल आणून आपल्यात मिसळणं. ते मर्जने, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र जोडून, किंवा रिबेसने, म्हणजे आपली कमिट (बदलांच्या नोंदी) त्यांच्यावर पुन्हा रचून होतं. ग्लोबल फाइलमध्ये `पुल.रिबेस=ट्रू` आहे आणि आजच्यापुरतं तुम्हाला मर्ज हवं आहे.

`गिट -सी पुल.रिबेस=फॉल्स पुल`

हे चालायला हवं, तरी कधीकधी गिट रिबेसच करतं. कारण रेपोच्या फाइलमध्ये `ब्रँच.मेन.रिबेस=ट्रू` असतं. ब्रँचसाठी (कामाच्या शाखेसाठी) खास लिहिलेली की `पुल.रिबेस`पेक्षा वरचढ आहे, मग `पुल.रिबेस` तुम्ही कुठूनही द्या. बऱ्याचदा ही ओळ कुणी हाताने लिहिलेलीही नसते: `ब्रँच.ऑटोसेटअपरिबेस=ऑलवेज` असताना रिमोटला जोडलेली ब्रँच तयार केली की गिट स्वतःच ती लिहून ठेवतं. इथे हमखास उपाय एकच:

`गिट पुल --नो-रिबेस`

थोडक्यात, ज्या कामासाठी ऑप्शन उपलब्ध आहे तिथे ऑप्शनच वापरा. ऑप्शन नसेल तिथे `-सी`.

`-सी` दिलं तर कमांड काहीतरी भलतंच करते. का?

जागा चुकली. सेटिंगसाठीचा `-सी` हा `गिट` या शब्दाच्या लगेच पुढे, उपकमांडच्या (`पुल`, `कमिट` वगैरे) *आधी* यायला हवा. उपकमांडच्या नंतर आला की त्याचा अर्थ ती उपकमांड ठरवते. `गिट कमिट -सी` म्हणजे जुन्या कमिटचा संदेश घेऊन तो दुरुस्त करायला उघडा. `गिट स्विच -सी` म्हणजे नवी ब्रँच काढा. `गिट क्लोन -सी` मात्र सेटिंगच घेतं, पण ती नव्या रेपोच्या लोकल फाइलमध्ये कायमची लिहून टाकतं. क्लोन करताना, म्हणजे रेपोची प्रत आणताना, एकदा दिलेला प्रॉक्सी (इंटरनेटकडे नेणारा मधला सर्व्हर) पुढे महिनोन्महिने छळतो तो यामुळे.

मोठ्या लिपीतला `-सी` आणखी वेगळा: तो आधी दिलेल्या फोल्डरमध्ये जाऊन मग कमांड चालवतो.

आणखी एक बारकावा. `-सी कोअर.अमुक` असं बरोबरच्या चिन्हाशिवाय लिहिलं तर किंमत ट्रू धरली जाते. `-सी कोअर.अमुक=` असं लिहून पुढे काहीच दिलं नाही तर किंमत रिकामी होते, आणि हो-नाही प्रकारच्या सेटिंगला रिकामं म्हणजे फॉल्स. एका चिन्हाने उलटा अर्थ होतो.

चालू असलेली किंमत नेमकी कुठून आली, हे कसं शोधायचं?

अंदाज बांधत बसू नका, गिटलाच विचारा:

`गिट कॉन्फिग --शो-स्कोप --शो-ओरिजिन --गेट-ऑल पुल.रिबेस`

उत्तर साधारण असं येतं:

```
ग्लोबल   फाइल:सी:/यूजर्स/लॅब/.गिटकॉन्फिग   ट्रू
लोकल    फाइल:.गिट/कॉन्फिग               फॉल्स
```

ओळी वाचणीच्या क्रमाने येतात, म्हणजे शेवटची ओळ चालू आहे. पहिल्या रकान्यात पायरी, दुसऱ्यात फाइल, तिसऱ्यात किंमत. याच कमांडला `गिट`च्या पुढे `-सी पुल.रिबेस=ट्रू` लावून बघा: तिसरी ओळ येईल आणि तिच्या पायरीच्या जागी "कमांड" दिसेल. नवीन माणसाला पायऱ्या समजावून सांगायच्या असतील तर यापेक्षा चांगली रीत नाही.

`--शो-ओरिजिन` हे २.८पासून आणि `--शो-स्कोप` हे २.२६पासून आहे. लॅबमध्ये फार जुनं गिट असेल तर `--शो-स्कोप` वगळा.

दोन गोष्टी सांभाळा. एक, ही कमांड ज्या रेपोत अडचण आहे त्याच्या आतूनच चालवा, बाहेरून लोकल फाइल दिसणारच नाही. दोन, `--ग्लोबल` लावून विचारलंत तर `इन्क्लूड`ने जोडलेल्या फाइली डीफॉल्टने वाचल्या जात नाहीत. मग "इथे तर सेटिंगच नाही" असं वाटतं. `--इन्क्लूड्स` जोडा किंवा `--ग्लोबल` काढून टाका.

इथे काहीच सापडलं नाही तर एन्व्हायरन्मेंट बघा. गिट बॅशमध्ये `ईएनव्ही | ग्रेप -आय -ई गिट -ई प्रॉक्सी`, विंडोजच्या काळ्या खिडकीत `सेट गिट`.

लॅबमधल्या संगणकावर माझं कमिट दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या नावावर जातं.

सगळे एकाच विंडोज खात्यावर बसतात, आणि आधीच्या कुणीतरी ग्लोबल फाइलमध्ये नाव-ईमेल लिहून ठेवलेलं असतं. त्याचं पुसून स्वतःचं लिहू नका, उद्या त्याची पंचाईत होईल. आपल्या रेपोत जाऊन `--ग्लोबल` न लावता लिहा:

`गिट कॉन्फिग यूजर.नेम "तुमचं नाव"`
`गिट कॉन्फिग यूजर.ईमेल "तुमचा ईमेल"`

मग कमिट करण्याआधी `गिट व्हार गिट_ऑथर_आयडेंट` चालवून बघा. गिट कुणाचं नाव लावणार आहे ते ही कमांड सगळा हिशोब करून सांगते.

तरीही जुनंच नाव दिसलं तर एन्व्हायरन्मेंटमध्ये `गिट_ऑथर_नेम` किंवा `गिट_ऑथर_ईमेल` बसलेलं आहे. ही व्हेरिएबल कॉन्फिगच्या सगळ्या पायऱ्यांच्या वर आहेत. `-सी यूजर.ईमेल=`ने दिलेली किंमतसुद्धा त्यांच्यापुढे टिकत नाही. `अनसेट` करून व्हेरिएबल काढा.

`--ऑथर` ऑप्शन त्यावरही मात करतो, पण फक्त लेखकापुरता. कमिट करणारा म्हणून दुसरं नाव तसंच राहतं, आणि साध्या `गिट लॉग`मध्ये ते दिसत नाही. `गिट लॉग --फॉरमॅट=फुलर` लावलं की दोन्ही नावं समोर येतात. प्रोजेक्ट जमा करायच्या आधी एकदा ते बघाच. शेवटचं कमिट चुकलं असेल आणि अजून पुश केलेलं (रिमोटला पाठवलेलं) नसेल तर:

`गिट कमिट --अमेंड --रीसेट-ऑथर --नो-एडिट`

लॅबचं व्यवस्थापन ज्यांच्याकडे आहे त्यांनी सिस्टिम पायरीवर `यूजर.यूजकॉन्फिगओन्ली=ट्रू` करून ग्लोबल फाइलमधली नावं काढून टाकावीत. मग ज्याने आपलं नाव दिलं नाही त्याचं कमिट होणारच नाही, गिट आधी नाव मागेल. या एका ओळीने वर्षभराचा मनस्ताप वाचतो.

नाव बरोबर आहे, तरी पुश करताना ४०३ (परवानगी नाही) येतं आणि भलत्याच खात्याचं नाव दिसतं.

`यूजर.नेम`चा लॉगिनशी काहीही संबंध नाही. ती फक्त कमिटवर छापायची अक्षरं आहेत. लॉगिन सांभाळतो `क्रेडेन्शियल.हेल्पर`, आणि विंडोजवरचं गिट तो सहसा सिस्टिम पायरीवर बसवून ठेवतं. त्यात आधीच्या विद्यार्थ्याचं खातं साठलेलं असतं.

ही साठत जाणारी सेटिंग आहे. लोकल फाइलमध्ये दुसरा हेल्पर लिहिला तरी आधीचा जात नाही, दोघांनाही ओळीने विचारलं जातं. यादी पुसायची असेल तर आधी रिकामी किंमत द्यावी लागते:

`गिट -सी क्रेडेन्शियल.हेल्पर= पुश`

एवढ्याने गिट पासवर्ड किंवा टोकन तुम्हाला नव्याने विचारेल आणि कुठे साठवणारही नाही. सामायिक संगणकावर हेच बरं.

"एका किमतीने अनेक किमती बदलता येत नाहीत" अशी तक्रार येते.

त्या फाइलमध्ये तीच की दोन-तीनदा लिहिलेली आहे, बहुधा `--अॅड` चुकून दोनदा चालवल्यामुळे. `गिट कॉन्फिग --रिप्लेस-ऑल` वापरून एकच किंमत ठेवा, किंवा `--अनसेट-ऑल`ने सगळ्या काढून नव्याने लिहा. साठत जाणाऱ्या सेटिंगवर (`क्रेडेन्शियल.हेल्पर`, `रिमोट.ओरिजिन.फेच`) हे करण्याआधी यादी बघून घ्या, तिथे अनेक ओळी मुद्दाम असू शकतात.

पुण्याच्या ऑफिसच्या रेपोंना ऑफिसचा ईमेल, बाकी सगळ्यांना माझा. `इन्क्लूडइफ` लिहिलंय, चालत नाही.

ग्लोबल फाइल उघडा आणि ओळींचा क्रम बघा. दहातल्या आठ वेळा असं असतं:

```
[इन्क्लूडइफ "गिटडिर:~/ऑफिस/"]
    पाथ = ~/.गिटकॉन्फिग-ऑफिस
[यूजर]
    ईमेल = माझा-स्वतःचा-ईमेल
```

`इन्क्लूड`ची ओळ जिथे आहे तिथेच ती फाइल उलगडली जाते. ऑफिसचा ईमेल वाचून झाला आणि त्याच्याखाली तुमचा स्वतःचा ईमेल पुन्हा वाचला गेला, शेवटचा टिकला. `[यूजर]`चा भाग वर न्या, `इन्क्लूडइफ` फाइलच्या शेवटी ठेवा.

फोल्डरच्या शेवटचा तिरका दांडा विसरू नका. तो असला की आतल्या सगळ्या रेपोंना नियम लागू होतो, नसला तर नेमक्या त्याच नावाला. विंडोजवर लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने जुळत नसेल तर `गिटडिर/आय:` वापरा. आणि तपासणी ऑफिसच्या फोल्डरमधल्या एखाद्या रेपोत शिरूनच करा. नुसत्या फोल्डरमध्ये उभं राहून विचारलं तर तिथे रेपो नसतो, मग नियमही लागू होत नाही.

`पुल.एफएफ=ओन्ली` आणि `पुल.रिबेस=ट्रू` दोन्ही आहेत. कोण जिंकतं?

दोन्ही फाइलमध्ये असतील आणि दोन्ही बाजूंना नवी कमिट असतील, तर `एफएफ=ओन्ली` (एफएफ म्हणजे फास्ट-फॉरवर्ड, मर्ज न करता सरळ पुढे जाणं) जिंकतं आणि पुल थांबतं. तुम्ही कमांडला स्पष्ट `--रिबेस` दिलं तर ते फाइलमधल्या `पुल.एफएफ=ओन्ली`वर मात करतं आणि रिबेस होतं. उलट, फाइलमध्ये रिबेस आणि कमांडला `--एफएफ-ओन्ली` असेल तर पुल थांबतं. हे वागणं २.३४पासून सुसंगत आहे. त्याआधीच्या काही आवृत्त्यांत `--एफएफ-ओन्ली` दिलं तरी रिबेस होऊन जात असे, म्हणून लॅबमध्ये एक आणि घरी दुसरी आवृत्ती असेल तर आधी `गिट --व्हर्जन` बघा.

आमची शिफारस: ग्लोबल फाइलमध्ये फक्त `पुल.एफएफ=ओन्ली` ठेवा. सरळ पुढे जाता येत असेल तर पुल होईल, नसेल तर गिट थांबेल आणि मग रिबेस की मर्ज ते तुम्ही डोळ्यांनी बघून ठरवाल. चौघांच्या प्रोजेक्टमध्ये नको असलेली मर्ज कमिट यानेच कमी होतात.

`पुल.एफएफ` आणि `मर्ज.एफएफ` वेगळे आहेत. पुल करताना दोन्ही असतील तर `पुल.एफएफ` चालतं. `ब्रँच.मेन.मर्जऑप्शन्स`मध्ये काही लिहिलं असेल तर मर्ज करताना ते `मर्ज.एफएफ`च्या वर, आणि कमांडचे ऑप्शन त्याच्याही वर.

`गिट मर्ज --स्क्वॉश` दिलं तर "स्क्वॉश आणि नो-एफएफ एकत्र चालत नाही" म्हणतं. मी तर नो-एफएफ दिलेलंच नाही!

तुम्ही नाही, तुमच्या कॉन्फिगने दिलंय. `मर्ज.एफएफ=फॉल्स` म्हणजे प्रत्येक मर्जला `--नो-एफएफ` लावल्यासारखंच. स्क्वॉश म्हणजे ब्रँचचे सगळे बदल एकत्र करून घेणं; त्यात मर्ज कमिट होत नाही, नो-एफएफला ती हवीच असते. तोडगा:

`गिट मर्ज --स्क्वॉश --एफएफ तुमची-ब्रँच`

कॉन्फिग बदलायची गरज नाही. स्क्वॉश झाल्यावर `गिट कमिट` स्वतः द्यावं लागतं, तेही लक्षात असू द्या.

रिबेसला `--व्हाइटस्पेस=फिक्स` दिलं की `रिबेस.अपडेटरेफ्स`शी जमत नाही म्हणून थांबतं.

रिबेस दोन यंत्रणांनी चालतं. `--व्हाइटस्पेस=फिक्स` जुन्या, पॅच लावणाऱ्या यंत्रणेला येतं; `अपडेटरेफ्स` आणि `रिबेसमर्जेस` नव्या, मर्ज वापरणाऱ्या यंत्रणेला. एका वेळी एकच चालते. अलीकडचं गिट कोणती सेटिंग आड येते ते नावानिशी सांगतं आणि उपायही सुचवतं: `--नो-अपडेट-रेफ्स` किंवा `--नो-रिबेस-मर्जेस` जोडा. तो पूर्ण संदेश वाचा, बहुतेक जण पहिल्या शब्दावरच खिडकी बंद करतात.

कॉलेजात चालतं, पण गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर "प्रॉक्सी सापडत नाही" येतं.

कॉलेजचा प्रॉक्सी कॉन्फिगमध्ये राहिलाय. खानापूरच्या एखाद्या गावातून तो पत्ता दिसणार कसा? एका वेळेपुरतं:

`गिट -सी एचटीटीपी.प्रॉक्सी= फेच`

रिकामी किंमत म्हणजे प्रॉक्सी वापरूच नको. `एचटीटीपी.प्रॉक्सी` ही `एचटीटीपीएस_प्रॉक्सी` वगैरे व्हेरिएबलपेक्षा वरचढ आहे, म्हणून दोन्ही ठिकाणचा प्रॉक्सी यातून टळतो.

तरीही अडलं, तर अधिक नेमकी की कुठेतरी बसली आहे. `रिमोट.ओरिजिन.प्रॉक्सी` ही `एचटीटीपी.प्रॉक्सी`च्या वर आहे. तसंच `एचटीटीपी.<पत्ता>.प्रॉक्सी` असं एखाद्या साइटसाठी खास लिहिलेलं असेल, तर ते तुमच्या मोघम `-सी`पुढेही टिकतं. पत्त्याशी जास्त नेमकं जुळणारं जिंकतं, कुठल्या पायरीवर आहे हा मुद्दा नंतरचा. कोणती किंमत लागू होते ते असं विचारा:

`गिट कॉन्फिग --गेट-यूआरएलमॅच एचटीटीपी.प्रॉक्सी <रिमोटचा पत्ता>`

कायमचा उपाय म्हणजे ग्लोबल फाइलमधून प्रॉक्सी काढणे (`--ग्लोबल --अनसेट`) आणि कॉलेजात बसल्यावर त्या टर्मिनलपुरतं व्हेरिएबल लावणे. टर्मिनल बंद केलं की प्रॉक्सीही गेला. रिमोट एसएसएचचा असेल तर यातलं काहीच लागू नाही, त्याला एचटीटीपी प्रॉक्सी माहीतच नसतो.

`कोअर.ऑटोसीआरएलएफ` बंद केलं, कमांडलाही दिलं, तरी ओळींचे शेवट बदलतात.

रेपोत `.गिटअॅट्रिब्यूट्स` आहे का बघा. त्यात फाइलसाठी `टेक्स्ट` किंवा `ईओएल` (ओळीचा शेवट) लिहिलं असेल तर ते `कोअर.ऑटोसीआरएलएफ`वर मात करतं, मग तुम्ही ती सेटिंग `-सी`ने दिली तरी. हे योग्यच आहे: ओळीचा शेवट काय असावा हे फाइलवर अवलंबून असतं, कुणाच्या संगणकावर नाही.

`गिट एलएस-फाइल्स --ईओएल`

ही कमांड प्रत्येक फाइलपुढे तीन गोष्टी दाखवते: साठवणीत काय आहे, तुमच्या डिस्कवर काय आहे आणि कोणता नियम लागू आहे. नियमाचा रकाना रिकामा असेल तरच कॉन्फिगकडे बघा.

कारखान्यांच्या रेपोत आम्ही हे आग्रहाने सांगतो. शेल स्क्रिप्टला `ईओएल=एलएफ` (लिनक्सचा ओळशेवट), बॅच फाइलला `ईओएल=सीआरएलएफ` (विंडोजचा), आणि ज्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनला सीआरएलएफ लागतं तिच्या प्रोग्रॅमलाही तसंच नावानिशी लिहा. प्रत्येकाच्या लॅपटॉपवरच्या सेटिंगवर विसंबलात तर एक दिवस मशीनपाशी चुकीची फाइल पोचेल. नियम बदलल्यावर `गिट अॅड --रीनॉर्मलाइझ .` चालवून वेगळं कमिट करा. त्यात दुसरं काहीही मिसळू नका, नाहीतर नंतर फरक वाचता येत नाही.

मराठी आणि कन्नड नावांच्या फाइली आकड्यांत दिसतात.

डीफॉल्टने गिट अशी नावं अवतरणात घालून प्रत्येक बाइट अष्टमान आकड्यात दाखवतं. "प" या अक्षराचं `\३४०\२४४\२५२` होतं. आपल्याकडच्या रेपोत दोन्ही भाषांच्या फाइली शेजारी शेजारी असतात, तेव्हा एक खूण उपयोगी पडते: देवनागरी अक्षर `\३४०\२४४` किंवा `\३४०\२४५`ने सुरू होतं, कन्नड `\३४०\२६२` किंवा `\३४०\२६३`ने.

`गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स`

एवढं केलं की नावं वाचता येतात. ज्या नावात अवतरणचिन्ह किंवा उलटा दांडा आहे ती मात्र यानंतरही अवतरणात येतात.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी या सेटिंगवर अवलंबून राहू नये. `गिट स्टेटस --पोर्सलेन` रंग आणि इतर आवडीनिवडी बाजूला ठेवतं, पण नाव कसं दाखवायचं ते `कोअर.कोटपाथ`कडूनच घेतं. सोबत `-झेड` दिलं तरच नाव जसंच्या तसं मिळतं, कॉन्फिग काहीही असो.

सामायिक फोल्डरमधला रेपो "मालकी संशयास्पद" म्हणून उघडत नाही. रेपोतच `सेफ.डिरेक्टरी` लिहिली, उपयोग नाही.

उपयोग होणारच नव्हता. रेपोवर विश्वास ठेवायचा की नाही हे खुद्द रेपोने सांगायचं, हे चालणार नाही. एप्रिल २०२२मधल्या २.३५.२पासून ही तपासणी आहे, आणि ही सेटिंग सिस्टिम, ग्लोबल किंवा (नव्या आवृत्त्यांत) `-सी`मधून आली तरच मानली जाते. चूक सांगणाऱ्या त्या संदेशाखालीच गिट पूर्ण कमांड छापतं. नेटवर्कवरच्या फोल्डरचा पत्ता विचित्र दिसतो, तो जसा छापलाय तसाच उचला. `*` लिहून तपासणी सरसकट बंद करू नका, निदान लॅबमध्ये तरी नाही. दुसऱ्याच्या रेपोतली सेटिंग तुमच्या खात्यावर प्रोग्रॅम चालवू शकते, त्यासाठीच हे कुंपण आहे.

एडिटर, सही, हुक: यांत कोण वरचढ?

एडिटर: आधी `गिट_एडिटर` व्हेरिएबल, मग `कोअर.एडिटर`, मग `व्हिज्युअल`, मग `एडिटर`. कोड एडिटरच्या आतल्या टर्मिनलमध्ये पहिलं व्हेरिएबल आपोआप लागलेलं असू शकतं.

एसएसएच: `गिट_एसएसएच_कमांड` हे `कोअर.एसएसएचकमांड`च्या वर.

सही (कमिट तुमचंच आहे याची डिजिटल खूण): `कमिट.जीपीजीसाइन=ट्रू` असताना एका कमिटपुरतं `--नो-जीपीजी-साइन`.

हुक (कमिटच्या आधी-नंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट): `--नो-व्हेरिफाय`ने प्री-कमिट आणि कमिट-मेसेज हे दोन टळतात, कमिटनंतरचा हुक चालतोच.

आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला कुणाचीच वैयक्तिक सेटिंग लागू नये, असं कसं करू?

`गिट_कॉन्फिग_नोसिस्टिम=१` आणि `गिट_कॉन्फिग_ग्लोबल=/डेव्ह/नल` लावा (दुसरं २.३२पासून). लोकल फाइल तरीही वाचली जाते. नाव-ईमेल आता कुठूनच मिळणार नाही, ते व्हेरिएबलमधून द्या. `गिट डिफ`ला `--नो-एक्स्ट-डिफ --नो-कलर` जोडा.

टोकन `-सी`ने देऊ नका, चालू प्रोसेसच्या यादीत ते सगळ्यांना दिसतं. २.३१पासून `--कॉन्फिग-ईएनव्ही` आहे, त्यात फक्त व्हेरिएबलचं नाव द्यायचं असतं.

सेटिंग लिहिली, यादीत दिसते, तरी काहीच फरक पडत नाही.

स्पेलिंग तपासा. अनोळखी कीबद्दल गिट अवाक्षर काढत नाही, फाइलमध्ये तशीच ठेवतं. विभागाचं आणि कीचं नाव लहान-मोठ्या अक्षरांत कसंही चालतं, पण मधला भाग, म्हणजे ब्रँचचं किंवा रिमोटचं नाव, तंतोतंत जुळावं लागतं.

`अॅलियास.पुल` (अॅलियास म्हणजे कमांडला दिलेलं टोपणनाव) लिहिलं असेल तर तेही वाया: गिटच्या स्वतःच्या कमांडचं नाव अॅलियासला दिलं तर तो अॅलियास वापरलाच जात नाही. दुसरं नाव घ्या, समजा `अप`, आणि त्यात `पुल --रिबेस` ठेवा. मग `गिट अप --नो-रिबेस` दिलं तर तुमचा ऑप्शन अॅलियासमधल्याच्या नंतर येतो आणि चालतो.

मर्क्युरियल किंवा सबव्हर्जन या गिटसारख्या दुसऱ्या साधनांमध्येही असंच आहे का?

मर्क्युरियलची घडण जवळची आहे: `--कॉन्फिग विभाग.की=किंमत`, आणि उगम बघायला `एचजी कॉन्फिग --डीबग`. तिथेही `एचजीयूजर` व्हेरिएबल `यूआय.यूजरनेम`पेक्षा वरचढ असतं, आणि दुसऱ्याच्या मालकीच्या रेपोतली सेटिंग फाइल विश्वासाच्या यादीत नसेल तर वाचली जात नाही. स्क्रिप्टसाठी `एचजीप्लेन` लावा.

सबव्हर्जनमध्ये तुमच्या संगणकावर प्रत्येक रेपोची वेगळी सेटिंग फाइल नसते. खात्याच्या फोल्डरमध्ये `कॉन्फिग` आणि `सर्व्हर्स` या दोन फाइली असतात, आणि एका वेळेपुरता बदल `--कॉन्फिग-ऑप्शन फाइल:विभाग:की=किंमत` असा द्यायचा, त्यात फाइलचं नाव या दोनपैकीच एक. फाइलमध्ये ऑटो-प्रॉप्स (नव्या फाइलींना आपोआप लागणारे गुणधर्म) चालू असतील तर `--नो-ऑटो-प्रॉप्स`ने त्या कमांडपुरते बंद होतात.